एकशे सत्तावीस सेंटिमीटर

“चार महिन्यांपूर्वी घेतलेली पँट घोट्याच्या वर गेली बघा ताई. नुसती उभी वाढतेय आता,” असं तिची आई म्हणाली आणि रिपोर्ट फाइलमध्ये सरकवून मुलीला घेऊन बाहेर पडली. बोलताना ती हसत होती. मीही हसले, अरे वा म्हणाले, मुलीच्या पाठीवर एक थापही मारली. आमच्या खोलीचं दार आपोआप मिटतं, सावकाश, वरच्या दांडीतून सुस्कारा टाकत. ते पुरतं मिटायच्या आत त्या पँटचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला. मान वळवून स्क्रीनकडे बघायला नको वाटत होतं, कारण तिथं काय लिहिलंय ते मला ठाऊक होतं. तरी बघितलं. जन्मतारीख, वजन, उंची. वजन आजचं, खालच्या सिस्टरनं चिठ्ठीवर लिहून दिलेलं. उंची एकशे सत्तावीस. मागच्या खेपेला एकशे सत्तावीस. त्याच्या मागच्या खेपेलाही एकशे सत्तावीस. मी एकेक पान उघडत मागे गेले. दीड वर्षात ही मुलगी माझ्या मशीनमध्ये तसूभरही वाढलेली नव्हती.

माझं काम लोकांना फुंकायला लावायचं. नाकाला चिमटा, तोंडात नळी, छाती तुडुंब भरेल इतका श्वास आत आणि मग सगळा बाहेर, अजून, अजून, अजून, थांबायचं नाही, शाब्बास. मशीन तो श्वास मोजतं. मोठी माणसं लाजतात, म्हातारे चिडतात, पण मुलं माझ्यापाशी फुंकतात. दुसरीकडे भोकाड पसरून परत गेलेली पोरं माझ्याकडे पाठवतात. माझ्या हाताला गुण आहे असं इथं म्हणतात आणि खोटं कशाला बोलू, तेवीस वर्षांनंतरही ते ऐकायला मला आवडतं. आता नुसता श्वास मोजून काही कळत नाही. सव्वा लिटर हवा म्हणजे चांगली की वाईट? सहा वर्षांच्या पोराला झकास, सोळा वर्षांच्याला भयंकर. म्हणून मशीनला आधी सांगायचं, हिचं वय इतकं, उंची इतकी. मग ते ठरवतं की एवढ्या उंचीच्या मुलीच्या छातीत किती हवा मावायला हवी आणि हिच्यात त्यातली शंभरात किती मावते. वय ते जन्मतारखेवरून आपलं आपण धरतं. उंची माणसानं भरायची. नाही भरली, तर ते मागचीच उंची पुढे ओढतं, आणि आपण बटण दाबून पुढे गेलो की चकार शब्द काढत नाही. रिपोर्टवर ती उंची एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापली जाते. मधोमध ठळक छापतात तो आकडा शंभरातला. सगळे तोच वाचतात. आज तो अठ्ठ्याहत्तर होता. मागे अठ्ठ्याहत्तर, त्याच्या मागेही अठ्ठ्याहत्तर. सगळं जागच्या जागी.

बाहेरच्या बाकावर पुढचे आजोबा खोकत होते. बुटकीचं माप धरून मी उंच होत चाललेल्या मुलीला जोखत होते. वाढत्या मुलीची फुप्फुसंही वाढायला हवीत, हवाही वाढायला हवी. मी शंभराचा आकडा सोडून लिटरचे आकडे बघितले. एक पॉइंट चोवीस, पंचवीस, पंचवीस, सव्वीस. दीड वर्षात दोन चमचे हवा वाढली होती. अंग पुढे निघून गेलं होतं आणि छाती आठ वर्षांची होती तशीच मागे राहिली होती. मी कागदाच्या चिटोऱ्यावर आकडेमोड करायला घेतली, पण आजची खरी उंची मला माहीतच नव्हती. पाच सेंटिमीटर वाढली असेल? आठ? मग मला एक आशा सुचली, तिची आता लाज वाटते. पँट धुवून आटली असेल. कापड आटतं. मी तेवढ्यावर तीन-चार श्वास काढले.

तिचा आजार मला पुरता कळतो असं मी म्हणणार नाही. मोठ्या डॉक्टरांनी एकदा समजावलं होतं की शरीराची राखण करणारी फौज याच्यात आपल्याच फुप्फुसांवर उलटते. मग आत बारीक बारीक रक्त झिरपतं, जागा घट्ट होत जाते, आणि घट्ट झालेली जागा पुन्हा मऊ होत नाही. ही शेवटची गोष्ट ते दोनदा म्हणाले होते. उभ्या आयुष्यात असे पेशंट चारच पाहिले, त्यातली ही सगळ्यात लहान. सहाव्या वर्षी ती पहिल्यांदा आली तेव्हा आईच्या खांद्यावर होती आणि तिचे ओठ जांभळाच्या रंगाचे होते. औषधानं वाचली. पण त्या औषधानं तिचं तोंड सुजलं, गाल डोळ्यांवर चढले, पोट पुढे आलं आणि उंची थांबली. वर्गातली मुलं तिला फुगा म्हणत. हे तिनंच मला सांगितलं, अगदी सहज, बुटाची नाडी बांधता बांधता. मी तिला बाईसाहेब म्हणायचे. कुणीतरी तिला मोठ्ठं काहीतरी म्हणायला हवं होतं.

दीड वर्षापूर्वीची ती सकाळ मला लख्ख आठवते. बूट काढ, पट्टीला पाठ लाव, मी म्हणाले. भिंतीवर उंचीची पट्टी आहे, तिच्यावर सरकती पाटी असते, ती डोक्याला टेकवायची. ती पट्टीपाशी गेली, पाठ लावली आणि एकदम रडायलाच लागली. आवाज न करता, नुसती हनुवटी हलत होती. “नको ना मावशी. मला माहितीये मी वाढले नाहीये. तू मोठ्यांदा आकडा म्हणतेस.” बाहेर दोन मुलं बसली होती, दार सावकाश मिटत होतं, अजून अर्धं उघडं होतं. मी पाटी तिच्या डोक्याला टेकवली होती, आकडा बघितला होता, एकशे सत्तावीसच होता, चार महिन्यांपूर्वी होता तोच. मी तो मोठ्यांदा म्हटला नाही. राहू दे बाईसाहेब, बसा खुर्चीवर, असं म्हणाले. तेव्हा ते खरं होतं. निदान त्या एका दिवसापुरता माझा आकडा खरा होता, हे मी स्वतःला आज कितीदा तरी सांगितलं. पुढच्या खेपेला ती आली, पट्टीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी डोळा मारला. बसा खुर्चीवर. ती अशी काही हसली की ते हसू मला दिवसभर पुरलं. मग ते आमचं ठरूनच गेलं. ती यायची, पट्टीकडे तिरका डोळा टाकायची, मी बसा म्हणायचे, आणि आम्ही दोघी कुणाला तरी चकवल्यासारख्या खुश.

कुणाला चकवलं होतं मी? माझ्या लहानपणी शाळेत दरवर्षी तपासणी व्हायची आमची. सगळ्या वर्गाला ओळीत उभं करायचे, एक बाई मापं घ्यायच्या आणि दुसऱ्या बाईंना ओरडून सांगायच्या. माझा आकडा आला की मागून कुणीतरी “चिमटी” म्हणायचं आणि ओळीच्या टोकापर्यंत हसू जायचं. मी चौथीत ज्या आकड्यावर होते, तिथंच सातवीपर्यंत राहिले. एका वर्षी मी तपासणीच्या दिवशी पोट दुखतंय म्हणून घरी राहिले, तर बाईंनी दुसऱ्या दिवशी मला एकटीला बोलावलं, बाकी वर्ग बाकांवर बसून बघत होता. त्या बाईंचा मला अजून राग येतो. त्यांचं तोंड आठवत नाही, वहीवर धरलेला हात आठवतो, अंगठ्याला शाई लागलेला. तेव्हा मनाशी म्हटलं होतं, मी कुणाला असं कधी करणार नाही. आणि केलं नाही. तेवीस वर्षांत एकाही मुलाला मी हिडीसफिडीस केलं नाही, जोर केला नाही, म्हणून तर पोरं माझ्यापाशी फुंकतात. माझा हा चांगुलपणा त्या रिपोर्टच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापून चार वेळा मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर गेला होता, आज पाचव्यांदा जाणार होता.

आणि आज डॉक्टर ते औषध पूर्ण बंद करणार होते. आईनं आल्या आल्या तेच सांगितलं होतं. दीड वर्ष ते थोडंथोडं कमी करत आणलं होतं, दर वेळी माझा रिपोर्ट बघून, सगळं जागच्या जागी आहे म्हणून. औषध कमी झालं म्हणून तर ती वाढायला लागली. ती वाढली म्हणून माझा आकडा खोटा ठरला. आकडा खोटा म्हणून औषध आणखी कमी. मी हे मनात एकदा उलटं, एकदा सुलटं फिरवलं आणि दोन्हीकडून मीच सापडले.

घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. डॉक्टरांच्या दाराबाहेर तिच्या आधी तीन नंबर असतील. म्हणजे अर्धा तास, फार तर चाळीस मिनिटं. मी उठून आजोबांना थोडं थांबा म्हटलं आणि परत येऊन बसले. खरं सांगते, पहिला विचार आला तो गपचूप निस्तरायचा. मुलीला बोलवायचं, एक फुंक राहिली म्हणायचं, बोलता बोलता उंची घ्यायची, नवी भरायची, नवा रिपोर्ट काढायचा. डॉक्टरांना औषध बंद करू नये इतकं कळलं म्हणजे झालं. कुणाला काही कळणार नाही. या विचारानं मला इतकं हलकं वाटलं की मी माउस हातात घेतला. मग दिसलं की रिपोर्टवर मागचे चार आकडेही छापले जातात, शेजारी शेजारी. एकोणऐंशी, अठ्ठ्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर आणि मग एकदम सत्तर, नाहीतर त्याहूनही खाली. चार महिन्यांत कोसळली. ते बघून डॉक्टर काय करतील? रक्त झिरपायला लागलं आतून, असंच म्हणतील. तिला आजच ॲडमिट करतील, शिरेतून ते मोठे डोस देतील, जे सहाव्या वर्षी दिले होते, ज्यांच्यानंतर तिला महिनाभर ओळखता येत नव्हतं. आणि ती कोसळली नव्हतीच. ती दीड वर्षं हळूहळू घसरत होती. दोन्हींची औषधं वेगळी. म्हणजे आजचा एक आकडा दुरुस्त करून सुटका नव्हती. पाचही खोटे होते, हे कुणीतरी तोंडानं म्हणायला हवं होतं, आणि ते म्हणू शकणारं जगात एकच माणूस होतं. ते खुर्चीत बसून घाम पुसत होतं. नोकरी जाईल का? जाईल कदाचित. माझ्या हाताला गुण आहे, हे तर गेलंच. त्याचं जास्त वाईट वाटलं, हेही सांगून टाकते.

मी बाहेर गेले. लांब कॉरिडॉरच्या टोकाला त्या दोघी बसल्या होत्या. आई फाइल मांडीवर धरून, मुलगी खिडकीच्या कट्ट्यावर पाय हलवत. तिचे पाय बघत बघतच मी तिच्यापर्यंत गेले. नडगीचा मोठा तुकडा उघडा होता आणि मला तो मघाशी, माझ्या खुर्चीत, माझ्या समोर दिसला नव्हता.

“बाईसाहेब, जरा येता का? उंची घ्यायची राहिली.”

मला वाटलं ती दचकेल. ती टुणकन उडी मारून उतरली. “खरंच? चल! आई, मी येते.” खोलीपर्यंत ती माझ्यापुढे धावली आणि दारात थांबून धापा टाकायला लागली. खांदे वरखाली होत होते. हेही मी मागच्या दोन खेपा बघितलं होतं आणि पोर अवखळ आहे म्हणून सोडून दिलं होतं. तिनं आपणहून बूट काढले, मोजेही काढले. पट्टीला पाठ लावली, मान ताठ केली. पाटी खाली आणायला लागले तर टाचा उचललेल्या.

“टाचा टेकव.”

“टेकवल्यात.”

“मला दिसतंय.”

ती खुदकन हसली आणि टाचा टेकल्या. पाटी तिच्या केसांवर बसली. एकशे साडेचौतीस. मी दोनदा बघितलं, तिला बाजूला करून पुन्हा उभं केलं, तिसऱ्यांदा बघितलं. “किती? मोठ्यांदा म्हण ना,” ती म्हणाली. तिच्या बुटांना अडकून दार उघडंच राहिलं होतं, बाहेर आजोबा होते, वॉर्डातला एक माणूस पाण्याची बाटली घेऊन चालला होता. मी मोठ्यांदा म्हटलं. तिनं दोन्ही मुठी हवेत उडवल्या. साडेसात सेंटिमीटर. एकेक सेंटिमीटर तिचा शंभरातला आकडा खाली ओढत होता आणि ती नाचत होती. मी मशीनमध्ये उंची भरली. ठळक आकडा बदलला. सदुसष्ट.

डॉक्टरांच्या खोलीत मी नंबर मोडून शिरले, दोघींना घेऊन. आत दुसरा पेशंट नुकताच उठत होता. मी उभ्याउभ्याच सुरुवात केली. “सर, हिचे मागचे चार रिपोर्ट चुकीचे आहेत. आजचाही. मी दीड वर्ष हिची उंची घेतली नाही. जुनीच टाकत गेले. आज घेतली, एकशे साडेचौतीस आहे. खरा आकडा सदुसष्ट.”

डॉक्टर उंच, गमत्या माणूस. मुलांशी बोलताना चित्रविचित्र आवाज काढतो, माझी फिरकी घेतो. त्यांनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला. “उंची घेतली नाही म्हणजे?”

“ती नको म्हणायची. मी जोर केला नाही.”

“दीड वर्ष?”

“हो.”

“हिचं औषध मी ज्या आकड्यांवर कमी करत आणलं,” ते अगदी हळू म्हणाले, “ते हे आकडे?”

“हो सर.”

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फाइल पुढे ओढली, एकेक रिपोर्ट काढून त्या कोपऱ्यावर बोट ठेवत गेले. एकशे सत्तावीस, एकशे सत्तावीस. बोट प्रत्येक वेळी थोडं जास्त वेळ थांबत होतं. “माझ्यासमोरच होतं की हे,” ते स्वतःशी म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, “आज किती ते कळलं. मधलं कसं कळणार? एकदम पडली की सावकाश? त्यावर सगळं आहे.”

“सावकाश, सर. लिटर बघा, लिटर खरे आहेत, ते हललेच नाहीत. फक्त मधल्या उंच्या…”

“त्याच तर नाहीत ना.”

तेव्हा आई पहिल्यांदा बोलली. इतका वेळ ती एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. “शाळेचं कार्ड आहे,” ती म्हणाली. “दर सहा महिन्यांनी घेतात तिथं.” तिनं पर्समधून घड्या घातलेलं पिवळं कार्ड काढलं. एकशे सत्तावीस, एकशे एकोणतीस, एकशे बत्तीस, एकशे चौतीस. कुठल्याशा बाईंनी ओळीत उभं करून, कदाचित ओरडून घेतलेली मापं. सगळी खरी. डॉक्टरांनी कार्ड समोर ठेवलं आणि कागदावर आकडे मांडले. एकोणऐंशी, पंचाहत्तर, सत्तर, सदुसष्ट. पेन खाली ठेवलं. “सावकाश,” ते म्हणाले, आणि मला जाणवलं की मी इतका वेळ श्वास धरून होते.

मग ते आईशी बोलले. औषध बंद होणार नाही, वाढणार. आज ॲडमिट करायला नको, पण उद्या स्कॅन, आणि स्कॅन बघून महिन्यातून एकदा शिरेतून द्यायचं दुसरं औषध सुरू करू. त्यानं बहुतेक इथंच थांबेल. आई मान हलवत होती. “आणि जे गेलंय ते?” तिनं विचारलं. डॉक्टरांनी कार्ड परत तिच्या हातात दिलं. “ते परत येईल असं मी म्हणू शकत नाही.” आईनं पुन्हा मान हलवली, तशीच, जणू त्यांनी वेळ सांगितली होती. “म्हणजे ही वाढतेय म्हणून आम्ही घरात सगळ्यांना फोन करून सांगत होतो, तेव्हा…” असं म्हणून ती थांबली आणि कार्डाच्या घड्या घालायला लागली. मी तिला काहीतरी म्हणाले. चूक झाली, माफ करा, असलंच काहीतरी. ते शब्द मला माझ्याच कानांना पोकळ ऐकू आले. तिनं माझ्याकडे बघितलं, पण वर्षानुवर्षं ताई म्हणून बघायची तशी नाही. बँकेतल्या काउंटरवरच्या माणसाकडे बघतात तशी बघितली.

“हे सगळं लिहून द्या मला,” डॉक्टर म्हणाले. “पाचही तारखा. आजच.”

“देते, सर.”

मुलगी आतापर्यंत टेबलाच्या कडेला नखानं रेघ ओढत उभी होती. आम्हाला वाटतं मुलं ऐकत नाहीत. तिनं डॉक्टरांना विचारलं, “परत तोंड सुजणार माझं?”

“थोडं. मागच्याइतकं नाही.”

“आणि वाढ थांबणार?”

डॉक्टरांनी या वेळी गमतीचा आवाज काढला नाही, चेष्टा केली नाही. “काही दिवस थांबेल,” ते म्हणाले.

ती माझ्याकडे वळली. मला वाटलं रडेल, आणि माझा हात तिच्या खांद्याकडे गेलासुद्धा. ती अर्धं पाऊल मागे सरली. डोळे कोरडे होते. तिला खरंच समजत नव्हतं आणि तिला समजून घ्यायचं होतं, एवढंच तिच्या चेहऱ्यावर होतं.

“सुई टोचताना मला कुणी विचारत नाही,” ती म्हणाली. “मी नको म्हटलं तरी टोचतात. हातपाय धरून टोचतात. मग मावशी, तू का ऐकलंस माझं?”

एरवी तोंड उघडलं की मोठ्यांशी असं बोलू नये म्हणून तिला दटावणारी तिची आई या वेळी माझ्याकडे वळली. तीही उत्तरासाठी थांबली होती.